गाविलगडाला जाऊ या

आपल्या मंडळाच्या बैठकीत यंदाच्या सहलीचा विषय निघाला, तेव्हा एका तरुण भगिनीने मोठी मौजेची सूचना मांडली. दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. (आपण वऱ्हाडात ज्याला जाम म्हणतो त्या फळाला पुण्या-मुंबईकडे पेरू म्हणतात, म्हणून आम्ही आधी हसलोच.) त्या देशात माचू पिचू हे डोंगरमाथ्यावरील जुने, ओसाड नगर आहे. थोड्या खर्चात तेथे कसे जाता येईल, याचा हिशेब तिने कागदावर मांडून आणला होता. हिशेब काटकसरीचा होता, तरी आमच्या वर्षभराच्या भिशीत बसणारा नव्हता. विषय तेथेच थांबला.

पण माझ्या मनात तो राहिला. घरी मुलांची पुस्तके चाळताना वाचले की, ते नगर इंका राजांनी सुमारे 1450 साली बांधले आणि पुढच्याच शतकात ते ओस पडले. साल वाचले आणि मला आपला गाविलगड आठवला. गाविलगडाचा कोट बहामनी सुलतान अहमदशहा याने 1425 साली बांधला, असे इतिहासात सांगतात. त्याआधी तेथे गवळी राजांचे ठाणे होते, अशी लोकांची समजूत आहे, व नावही त्यावरूनच पडले म्हणतात. म्हणजे साता समुद्रापलीकडच्या त्या नगराच्या वयाचेच भग्नावशेष आपल्या चिखलदऱ्याला लागून उभे आहेत. आपल्यापैकी कितीजणी तेथे जाऊन भीमकुंड पाहून, मक्याचे कणीस खाऊन परत येतात, आणि गडाच्या आत पाऊल टाकीत नाहीत! मीही त्यांतलीच होते.

बहामनी राज्य फुटले तेव्हा वऱ्हाडात इमादशाही आली. तिचा संस्थापक फत्तेउल्ला हा मूळचा विजयनगरकडचा हिंदू. लहानपणी लढाईत पकडला गेला व पुढे वऱ्हाडचा धनी झाला. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, ही त्याची राजधानी, आणि गाविलगड व नरनाळा हे दोन बळकट आधार. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे. हे चिन्ह विजयनगरकडचे. इतक्या दूर आलेल्या माणसाने आपल्या मुलखाची एवढी खूण दगडात ठेवली असावी, असे मला वाटते. अकोल्याकडच्या भगिनींनी नरनाळ्याचा महाकाली दरवाजा जरूर पाहावा. त्यावर 1487 सालचा लेख आहे, आणि त्याची कोरीव सज्जे पाहून किल्ल्याचा दरवाजा की वाड्याचा, असा प्रश्न पडतो.

पुढे 1574 मध्ये वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीत गेले. 1595-96 मध्ये अहमदनगरला मोगलांचा वेढा पडला, तेव्हा चांदबिबीने शहर राखले, पण तहात तिला वऱ्हाड द्यावे लागले. नंतर नागपूरकर भोसल्यांनी गाविलगड घेतला.

आता मुख्य गोष्ट. 1803 साली इंग्रजांनी शिंदे-भोसल्यांशी युद्ध मांडले. 23 सप्टेंबरला असई आणि 29 नोव्हेंबरला आपल्या अकोला जिल्ह्यातील अडगाव अशा दोन लढाया हरल्यावर भोसल्यांची फौज गाविलगडात शिरली. किल्लेदार बेनीसिंग हा रजपूत होता. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याने दक्षिणेकडून मोर्चा बांधला. त्याचा साथीदार स्टिव्हन्सन याने डोंगरातून वाट काढीत, जड तोफा माणसांच्या हातांनी ओढीत, उत्तरेची बाजू गाठली. 15 डिसेंबरला बाहेरच्या कोटाला खिंडार पडले व शत्रू आत आला. आतला कोट शाबूत होता, पण एका तुकडीने शिड्या लावून तोही चढला व आतून दरवाजा उघडला. बेनीसिंग लढता लढता पडला. दोन दिवसांत देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. हाच वेलस्ली पुढे 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनवर विजय मिळविणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

इतके पुस्तकांत असते. पण एक गोष्ट दोन ओळींत येऊन जाते. गड पडणार हे दिसताच आतल्या रजपूत स्त्रिया शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून घरच्याच पुरुषांनी त्यांच्यावर शस्त्र चालविले. काही जणी गेल्या, काही जखमी होऊन जिवंत सापडल्या. किल्लेदाराचे नाव उरले, शिडी चढणाऱ्या इंग्रज कप्तानाचेही नाव उरले. त्या बायकांपैकी एकीचेही नाव माझ्या वाचनात आले नाही. त्यांना कोणी विचारले होते का? जगल्या त्या पुढे कोठे गेल्या, कोणी घरात घेतले की नाही? आपण ज्या दगडांवर बसून फराळ करणार, तेथे त्यांचे संसार होते, चुली होत्या, पाणी भरण्याचे तलाव होते. हे ठाऊक असून गड पाहणे निराळे, आणि न जाणता पाहणे निराळे.

म्हणून माझी सूचना अशी की, यंदाची सहल गाविलगडालाच न्यावी. अमरावतीहून परतवाडा सुमारे 50 किलोमीटर, आणि तेथून घाट चढून चिखलदरा. मार्च 2023 पासून एस. टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, व पंचाहत्तरी ओलांडलेल्या आपल्या आजीबाईंना प्रवास फुकट. भाकरी, ठेचा, कोरडे बेसन अशी शिदोरी घरूनच न्यावी. एक रात्र मुक्काम केला तर गड सावकाश पाहून होतो. पावसाळ्यात शेवाळाने पाय घसरतो, उन्हाळ्यात दगड तापतात. तेव्हा डिसेंबर उत्तम, आणि गड पडला तोही डिसेंबरातच. हा भाग मेळघाटच्या जंगलाचा आहे. तेथे अस्वले-बिबटे असतात, म्हणून वनखात्याचे नियम पाळावे व दिवस मावळण्याआधी खाली यावे. पाण्याच्या बाटल्या, पिशव्या परत आणाव्या, भिंतींवर नावे लिहू नयेत.

पेरूला जाण्याचे त्या भगिनीचे स्वप्न खोटे नाही. ती जाईल, आणि तिने जावेच. पण तेथील ओस घरे पाहताना गाविलगड तिच्या डोळ्यांखालून गेलेला असावा, म्हणजे तिला तेथल्या बायकांचीही आठवण होईल.

आतल्या कोटात पोहोचल्यावर आपण सर्वजणींनी घटकाभर उभे राहावे, आणि चिमूटभर हळदीकुंकू त्या अनामिक भगिनींच्या नावाने वाहावे, एवढीच माझी विनंती आहे. मी इतिहास शिकलेली नाही. सातवीपर्यंत शाळा झाली. चूकभूल जाणत्यांनी सांभाळून घ्यावी. येऊ इच्छिणाऱ्यांनी आपली नावे मंडळाच्या वहीत लवकर लिहावी.