कशावरून?

महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांचे नाव विंचूदंशाशी इतके जोडले गेले आहे, की या विषयावर लिहिणारे पदव्युत्तर विद्यार्थी ‘बावसकर, लॅन्सेट’ एवढे टाकून पुढे जातात. पण त्यांचा नेमका कोणता लेख? 1982 च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लाल विंचू चावल्यावर हृदयावर परिणाम होणार हे आधी सुचवणारी लक्षणे मांडली. प्राझोसिन या औषधाबद्दलचा लेख 1986 मध्ये, डॉ. प्रमोदिनी बावसकर यांच्यासह, त्याच नियतकालिकात आला. नुसते प्राझोसिन द्यावे की जोडीला विंचवाचे प्रतिविषही द्यावे, याची चाचणी 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली, तीत दोन्ही मिळालेले रुग्ण लवकर बरे झाले. म्हणजे लक्षणांना एक आधार, औषधाला दुसरा, प्रतिविषाला तिसरा. औषधाविषयीच्या वाक्यापुढे 1982 चा लेख लावला, तर नाव बरोबर, नियतकालिक बरोबर आणि आधार मात्र चुकीचा.

वैद्यकीय लेखातल्या प्रत्येक विधानाला वाचक मनातल्या मनात ‘कशावरून?’ असे विचारत असतो. संदर्भ हे त्याचे उत्तर. ते कसे लिहावे, याची ओळख या पुस्तकात करून दिली आहे. तळेगावच्या वैद्यकीय महाविद्यालयातले प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, लोणावळ्याला योगावर संशोधन करणारे अभ्यासक आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात राहून आपल्या रुग्णांविषयी काही लिहू पाहणारे डॉक्टर माझ्या डोळ्यांसमोर आहेत. मी लिहितो आहे ते तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याच्या पेठेतून. पवन मावळातल्या अशा गावांत वैद्यकीय ग्रंथालय नसते. भातखाचरात काम करताना विंचू चावला म्हणून कुणी दवाखान्यात आले, तर डॉक्टरच्या हाताशी मोबाइल असतो, फार तर लेखाचा सारांश. त्या सारांशापासून मूळ पुराव्यापर्यंत त्याला जाता येईल की नाही, हे कुणीतरी पूर्वी संदर्भ किती नीट लिहिला होता त्यावर ठरते. म्हणून हे काम मला कारकुनी वाटत नाही; ते रुग्णसेवेचाच भाग आहे.

आज बहुतेक वैद्यकीय नियतकालिके ‘व्हँकुव्हर’ पद्धत वापरतात. 1978 मध्ये काही वैद्यकीय संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरी जमले. त्याआधी एका नियतकालिकाने नाकारलेला लेख दुसरीकडे पाठवायचा तर सगळी संदर्भसूची नव्याने मांडावी लागे. ती यातायात थांबावी हा त्यांचा हेतू. त्यांचे नियम 1979 मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे त्याच गटाची वैद्यकीय संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती झाली. नियमांचा गाभा सोपा आहे. लेखात जो आधार पहिल्यांदा येईल त्याला 1, पुढच्याला 2. तोच आधार पुन्हा आला तर जुनाच क्रमांक. सूचीत आधी आडनाव, मग आद्याक्षरे, त्यांच्यामध्ये पूर्णविराम नाहीत. सहापेक्षा जास्त लेखक असतील तर पहिली सहा नावे आणि पुढे ‘व इतर’. मग लेखाचे शीर्षक, नियतकालिकाचे ठरलेले संक्षिप्त नाव, वर्ष, खंड, पृष्ठे. बावसकरांच्या पहिल्या लेखाचे शेपूट असे होईल: लॅन्सेट 1982;1:552-4. पृष्ठ 552 ते 554, पण दुसऱ्या आकड्यातला बदललेला अंकच तेवढा लिहायचा.

इथेच नवखा अभ्यासक अडखळतो. ‘पबमेड’वर या लेखाचा खंड 1 दिसतो, प्रकाशकाच्या संकेतस्थळावर 319. दोन्ही खरे आहेत. त्या काळी ‘लॅन्सेट’ दर वर्षाचे दोन खंड 1 आणि 2 असे मोजत असे. सुरुवातीपासूनची सलग मोजदाद धरली तर तोच खंड 319 वा ठरतो. अशा वेळी एक पद्धत धरावी आणि संपूर्ण सूचीत तीच ठेवावी.

मांडणी बिनचूक असूनही संदर्भ किती नुकसान करू शकतो, याचे सर्वांत जड उदाहरण अमेरिकेतले आहे. 1980 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले: रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वेदनाशामके मिळालेल्या रुग्णांत व्यसन क्वचित आढळले. 2017 मध्ये त्याच नियतकालिकात या पत्राचा माग काढणारा अभ्यास आला. 608 लेखांनी पत्राचा दाखला दिला होता. त्यांतल्या 439 लेखांनी व्यसन क्वचितच लागते याचा पुरावा म्हणून ते वापरले, आणि बहुसंख्य लेखकांनी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलेच नाही. दरम्यान ही औषधे घरी नेणाऱ्या रुग्णांतून व्यसनाची मोठी साथ उसळली होती. पत्रलेखकांनी खोटे काही लिहिले नव्हते. दोष होता तो पाच वाक्ये न वाचता उतरवून घेणाऱ्यांचा. मूळ लेख उघडून वाचल्याशिवाय त्याचा क्रमांक आपल्या वाक्याला लावू नये, हा या पुस्तकातला सर्वांत कडक नियम आहे आणि त्याला मी अपवाद ठेवलेला नाही. तसेच लेख मागे घेतला गेलेला नाही ना, हेही हस्तलिखित पाठवण्याआधी पाहावे. संवादी संगणक-प्रणाली देतात ते संदर्भ तर एकेक उघडून पाहावेत. त्यांतले काही हुबेहूब दिसतात आणि अस्तित्वातच नसतात.

आपल्याकडच्या दोन अडचणी परदेशी मार्गदर्शिकांत सापडत नाहीत. रोमन लिपीत मावळ कुणी ‘व्ही’ने लिहितो, कुणी ‘डब्ल्यू’ने, लोणावळ्याचीही दोन रूपे रूढ आहेत. एकाच रूपाने शोध घेतला तर दुसऱ्या रूपातले काम नजरेतून सुटते. दुसरी अडचण नावांची. आपले मधले आद्याक्षर वडिलांचे किंवा पतीचे असते, त्यामुळे लग्नानंतर नाव बदलणाऱ्या डॉक्टरांचे काम सूचीत दोन वेगळ्या व्यक्तींचे दिसू लागते. ‘ऑर्किड’ हा कायमचा लेखक-क्रमांक त्यांनी पहिल्या लेखाआधीच घ्यावा.

योगाच्या अभ्यासकांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, कारण त्यांचा वारसा वेगळा आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान, नौली या क्रियांत शरीराच्या आत काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक वापरून तपासले आणि छापले. आजचे लेखक ते जुने अंक न पाहता नंतरच्या कुणाच्या तरी उताऱ्यावर भागवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. जुन्या अंकाला डिजिटल क्रमांक मिळाला नाही, तर वर्ष, खंड, अंक, पृष्ठ एवढे पुरते. अंक मात्र प्रत्यक्ष पाहिलेला हवा. ‘हठप्रदीपिके’सारख्या ग्रंथाचा आधार देताना पृष्ठक्रमांक अपुरा पडतो. उपदेश आणि श्लोकाचा क्रमांक द्यावा, आणि सूचीत संपादक, प्रकाशक व आवृत्तीचे वर्षही लिहावे, कारण आवृत्ती बदलली की श्लोकांचे क्रमांक पुढेमागे होतात.

तिकोणा पेठ, पवन मावळ