चांदीपुऱ्याचं नाव

गावाचं नाव कशाने होतं? कुठे एखादा संत होऊन जातो, कुठे पैलवान, कुठे संत्री पिकतात. आमच्या नागपूरच्या चांदीपुऱ्याचं नाव मात्र जगभरच्या वैद्यकाच्या पुस्तकांत गेलं ते एका विषाणूमुळे.

१९६५ साली नागपुरात चिकुनगुन्या आणि डेंगीची साथ होती. माझा जन्म त्यानंतरचा. पण आमची दादी त्या तापाला ‘हड्डीतोड बुखार’ म्हणायची आणि सांगता सांगता तिचा हात गुडघ्यावरून फिरायचा. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तापकऱ्यांचं रक्त तपासलं. दोघांच्या रक्तात निघालेला विषाणू ओळखीचा नव्हता. भट आणि रॉड्रिग्ज या संशोधकांनी १९६७ साली त्याची नोंद प्रसिद्ध केली आणि त्याला वस्तीचं नाव दिलं.

हा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा; लांबी मिलिमीटरच्या सहा-सात हजाराव्या भागाएवढी. आपल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. तीच तिची भिंत, तेच दार. विषाणू त्याला चिकटतो आणि पेशी त्याला एका इवल्या पिशवीत आत घेते. पिशवीत आम्लता वाढली की विषाणूवरच्या प्रथिनाचा आकार बदलतो, त्याचं आवरण पिशवीच्या आवरणात मिसळतं आणि आतला जनुकीय मजकूर पेशीत मोकळा होतो. मग पेशी त्याच्याच प्रती काढत बसते. बाहेर पडताना प्रत्येक नवा विषाणू पेशीच्याच आवरणाचा तुकडा पांघरून निघतो. ज्या घरात जेवला, त्याच घराची चादर घेऊन! पेशी अखेर मरते. ती मेंदूची असली, तर सकाळी तापलेलं मूल एक-दोन दिवसांत हातचं जाऊ शकतं.

कित्येक वर्षं या विषाणूकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुलं मेंदूज्वराने आजारी पडली, १८३ दगावली, तेव्हा डोळे उघडले. २००७ साली आमच्या नागपूर विभागात साथ आली. २०२४ साली गुजरातेत.

त्याच वर्षी परगावच्या कविसंमेलनात एकाने मला विचारलं, ‘‘तो विषाणू तुमच्याकडचाच ना?’’ मी हसलो, पण मनाला लागलं. विषाणू चांदीपुऱ्याने जन्माला घातला नाही. तिथे तो फक्त ओळखू आला. रोगाला गावाचं नाव देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं. आमच्या वस्तीला तोवर पन्नास वर्षं झाली होती.

नाव आता पुसता येणार नाही. विषाणू पसरवणारी वाळूमाशी डासाहून कितीतरी लहान. मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलीत ती राहते. लस नाही, खास औषध नाही. म्हणून भेगा बुजवायच्या, फवारणी करून घ्यायची, मुलाला तापात झटके आले की घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठायचा.

पेशीची भिंत आपल्या हाती नाही, घराची आहे. दादी दर पावसाळ्याआधी भिंतीच्या भेगा लिंपायची. तिला विषाणू ठाऊक नव्हता. आपल्याला ठाऊक आहे.