खाणावळवालीचे कर्ज

गिरणगावाचा इतिहास सांगताना आम्ही युनियनवाले गेटसभा, मोर्चे, लाठीमार सांगतो. पण कोकणातून एकटा गेलेला गडी जेवत कोठे असे? चाळीतल्या एका खोलीत पंधरा-वीस ताटे वाढणाऱ्या खाणावळवालीकडे. तिचे पैसे पगार झाल्यावर मिळत. वाणी मात्र उधारीवर व्याज लावी. १९७४ चा संप बेचाळीस दिवस चालला. पगार थांबला, ताटे थांबली नाहीत. त्यासाठी या बायांचे किडूकमिडूक गहाण पडले. हा खर्च आमच्या कोणत्या हिशेबवहीत आहे?

गोवामुक्तीच्या लढ्यातून कामगार चळवळीत आलेल्या प्रेमा पुरव यांनी तो मोजला. १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ निघाले. पहिल्या चौदा जणींना बँक ऑफ बडोदाने कर्ज दिले. तारणाला सोने नव्हते, एकमेकींची हमी होती. बांगलादेशात महंमद युनूस यांनी असाच प्रयोग आरंभला तो १९७६ साली! आमच्याकडे हे शक्य झाले, कारण १९६९ साली बँका राष्ट्रीय झाल्या होत्या आणि १९७२ पासून गरिबांसाठी चार टक्के व्याजाची योजना होती.

म्हणून व्याजाचा दर आम्ही आधी विचारतो. आज सूक्ष्म कर्जाच्या कंपन्याही बायकांचे गट करून एकमेकींची हमी घेतात. पण २०२२ साली रिझर्व्ह बँकेने त्यांच्या व्याजावरील कमाल मर्यादा उठविली. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात उभ्या राहतात. चौदा जणींना तीच हमी वाण्याच्या वहीतून सोडविण्यासाठी उपयोगी पडली होती.