आंतरजालावरील सशुल्क जाहिरात (शोधयंत्रे व समाजमाध्यमे)

शोधयंत्राच्या उत्तरांसोबत किंवा समाजमाध्यमांवरील मजकुराच्या ओघात पैसे मोजून मिळवलेली जागा. वर्तमानपत्रातील जागेला छापील दर असतो. येथे मात्र पान उघडताक्षणी लिलाव होतो आणि जागा कोणाला, किती पैशांत, हे वाचकाच्या नकळत ठरते. या जाहिरातीचे दोन प्रकार वरवर सारखे दिसतात, पण त्यांचा स्वभाव वेगळा आहे. शोधयंत्रावर ग्राहकाने आपली गरज स्वतःच टाइप केलेली असते. समाजमाध्यमावर त्याने काहीच मागितलेले नसते. त्याचे वय, गाव, आवडीनिवडी व वागणूक यांवरून त्याला काय हवे असेल याचा अंदाज बांधला जातो. दोन्हींकडून एकाच वेगाने विक्रीची अपेक्षा धरणाऱ्या छोट्या व्यावसायिकाचे बजेट बहुधा वाया जाते.

शोधातील जागेचा लिलाव करण्याची पद्धत बिल ग्रॉस यांनी रूढ केली. त्यांच्या कॅलिफोर्नियातील ‘आयडियालॅब’मधून निघालेल्या ‘गोटू डॉट कॉम’ने १९९८ मध्ये कीवर्डवर, म्हणजे शोधल्या जाणाऱ्या शब्दावर, बोली लावण्याची सोय दिली. दुकानदाराने पैसे द्यायचे ते जाहिरात दिसली म्हणून नव्हे, तर कोणी तिच्यावर क्लिक केले तरच. पुढे या कंपनीचे नाव ‘ओव्हर्चर’ झाले आणि २००३ मध्ये याहूने ती विकत घेण्याचा करार केला. गुगलची ‘ॲडवर्ड्स’ सेवा ऑक्टोबर २००० मध्ये सुमारे ३५० जाहिरातदारांसह सुरू झाली. क्लिकमागे बोलीची पद्धत तिने २००२ मध्ये स्वीकारली. त्यावरून ओव्हर्चरने पेटंटचा दावा लावला. तो २००४ मध्ये गुगलने याहूला आपले समभाग देऊन मिटवला. २०१८ पासून ही सेवा ‘गुगल ॲड्स’ या नावाने ओळखली जाते. गुगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिला २०२३ मध्ये जाहिरातींतून सुमारे २३८ अब्ज डॉलर मिळाले. त्यांतील १७५ अब्ज शोध व त्यालगतच्या सेवांचे होते.

लिलावाचे गणित समजून घेण्यासारखे आहे. ओव्हर्चरकडे सुरुवातीला जो जेवढी बोली लावी तेवढेच पैसे भरी. त्यामुळे स्पर्धक एकमेकांवर दिवसभर पैशापैशाने कुरघोडी करत, मग एकदम बोली खाली आणत, आणि दर सतत वरखाली होत राही. गुगलने दोन बदल केले. विजेत्याने आपल्या खालच्या स्पर्धकाला मागे टाकण्यापुरतेच पैसे द्यायचे; आणि क्रम लावताना बोलीबरोबर जाहिरातीची गुणवत्ताही धरायची. समजा, एकाने क्लिकमागे ३० रुपये बोली लावली व त्याची गुणवत्ता ४ आहे, तर गुणाकार १२०. दुसऱ्याची बोली २० रुपये, गुणवत्ता ८, गुणाकार १६०. वरची जागा दुसऱ्याला मिळते आणि त्याला १२० भागिले ८, म्हणजे साधारण १५ रुपयेच पडतात. प्रत्यक्षातील सूत्रात शोधाचा संदर्भ, किमान पात्रता असे आणखी घटक येतात, पण गाभा हाच. ज्याचे पान ग्राहकाने विचारलेल्या गोष्टीचे नेमके उत्तर देते, त्याला जागा स्वस्त पडते. ज्यात आपली खरी किंमत सांगणेच हिताचे ठरते, अशा बंद लिफाफ्यातील ‘दुसऱ्या किमतीच्या’ लिलावाचा सिद्धांत अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये मांडला होता. मात्र एडलमन, ओस्ट्रोव्स्की व श्वार्त्झ यांनी २००७ मध्ये दाखवून दिले, की अनेक जागांच्या या लिलावात खरी किंमत सांगणे नेहमीच हिताचे ठरत नाही.

व्यवहारात कौशल्य लागते ते शब्दांच्या निवडीत. मार्च-एप्रिलमध्ये थेट ग्राहकाला पेट्या विकणाऱ्या बागायतदाराने ‘आंबा’ या एकाच शब्दावर बोली लावली, तर लोणच्याची कृती, कलमे आणि शाळेचा निबंध शोधणाऱ्यांच्या क्लिकचेही पैसे त्याला भरावे लागतील. ‘देवगड हापूस घरपोच पुणे’ असे विचारणारे मोजकेच असतात, पण ते घेण्याच्या तयारीने आलेले असतात. म्हणून नको असलेले शब्द वगळणारी ‘निगेटिव्ह कीवर्ड’ची यादी बोलीइतकीच महत्त्वाची आहे. मराठी ग्राहक तोच शब्द कधी देवनागरीत, कधी रोमन अक्षरांत टाइप करतो. दोन्ही रूपे धरावी लागतात. रोजचे बजेट हीसुद्धा पक्की मर्यादा नसते. गुगल एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकते व महिन्याचा हिशेब सरासरीवर बसवते. हे माहीत नसलेला नवखा पहिल्याच आठवड्यात घाबरतो.

फेसबुकने आपली जाहिरातसेवा नोव्हेंबर २००७ मध्ये जाहीर केली. तिची ताकद पुढे वाढली ती दोन सोयींनी: दुकानदाराने आपल्या ग्राहकांची यादी देऊन त्यांनाच गाठणे, आणि त्यांच्यासारखे दिसणारे नवे लोक शोधणे. येथेही लिलावच असतो. बोलीबरोबर पाहणारा अपेक्षित कृती करील याची शक्यता व जाहिरातीचा दर्जा धरला जातो. नुसते ‘बूस्ट’चे बटण दाबल्यास पसंत्या वाढतात, मागणी वाढेलच असे नाही. या यंत्रणेला मोठा धक्का बसला तो एप्रिल २०२१ मध्ये. ॲपलने इतर ॲपवर व संकेतस्थळांवर मागोवा घेण्यापूर्वी आयफोनधारकाची परवानगी सक्तीची केली, आणि त्यामुळे २०२२ मध्ये सुमारे १० अब्ज डॉलरचे उत्पन्न बुडेल, असा अंदाज फेसबुकची मूळ कंपनी मेटा हिने स्वतःच दिला.

जाहिरातीमुळे विक्री झाली की ती एरवीही झालीच असती, हा या क्षेत्रातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. ऑनलाइन बाजारपेठ ‘ईबे’ने काही शोधयंत्रांवर आपल्याच नावाच्या कीवर्डवरील जाहिराती बंद करून पाहिल्या. जवळजवळ सर्व क्लिक खालच्या विनाशुल्क दुव्यावरून परत आले. ब्लेक, नॉस्को व टाडेलिस यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये ‘इकॉनॉमेट्रिका’त प्रसिद्ध झाला. अर्थात ईबे सर्वपरिचित आहे. नाव नसलेल्या दुकानाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू नाही. त्याने आळीपाळीने काही जिल्ह्यांत जाहिरात थांबवून विक्रीतील फरक पाहावा. जाहिरात विकणाऱ्या कंपनीच्याच अहवालावर विसंबण्यापेक्षा ही चाचणी अधिक विश्वासार्ह आहे.

भारतात शब्द विकणाऱ्याची जबाबदारी न्यायालयांत तपासली गेली. गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातींना गर्भलिंगनिदानविरोधी केंद्रीय कायद्याच्या कलम २२ ने बंदी आहे आणि अशा चाचण्यांवर नियंत्रण आणणारा राज्यस्तरावरील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. तरीही शोधयंत्रांवर अशा जाहिराती दिसत राहिल्या. त्याविरुद्ध सामाजिक कार्यकर्ते साबू मॅथ्यू जॉर्ज यांनी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने तक्रारींसाठी मध्यवर्ती यंत्रणा नेमण्यास सांगितले आणि तिने कळवल्यापासून ३६ तासांत असा मजकूर हटवण्याचे बंधन गुगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांच्यावर घातले. मुलींच्या जिवाशी निगडित असलेल्या या आदेशाचे मोल या नोंदीतील कोणत्याही आर्थिक आकड्याहून मोठे आहे. प्रतिस्पर्ध्याच्या व्यापारचिन्हावर बोली लावण्याविषयी दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये निर्णय दिला: असा वापर स्वतःहून उल्लंघन ठरत नाही, पण ग्राहकाची दिशाभूल झाली, तर कीवर्ड विकणारे गुगल केवळ मध्यस्थ असल्याचे सांगून सुटू शकत नाही. त्याच वर्षीच्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाईची तरतूद आहे. समाजमाध्यमांवरील इन्फ्लुएन्सरांनी सशुल्क मजकूर तसा स्पष्टपणे दाखवावा, अशी मार्गदर्शक तत्त्वे मुंबईस्थित भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केली.