माथेरान : वन, वाहनबंदी आणि पर्यटन

माथेरान : रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मी. उंचीवरचे थंड हवेचे ठिकाण व त्याभोवतीचे डोंगरी वन. ‘माथ्यावरचे रान’ असा या नावाचा अर्थ सांगितला जातो. ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये हे ठिकाण प्रकाशात आणले. पीरभॉय कुटुंबाने बांधलेली, नेरळहून वर चढणारी सुमारे २१ किमी. लांबीची अरुंद रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. मुंबई-पुण्याच्या लोकांना एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या जवळ असूनही येथील वस्ती आजही झाडीत दडलेली आहे. गर्दी होणाऱ्या वनाचे रक्षण करताना किती माणसे येतात याइतकेच ती कशी येतात आणि कोठून चालतात यालाही महत्त्व असते, हे माथेरानवरून स्पष्ट होते.

माथ्यावर काळ्या कातळावर तांबड्या जांभ्याचा थर आहे. जांभूळ, अंजन, हिरडा यांसारख्या वृक्षांचे निमसदाहरित वन या थरावरील मातीला धरून राहते. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी झाडाच्या शेंड्याशेंड्यांवरून फिरतो. त्याला फांदीला फांदी भिडलेले सलग छत लागते. पालापाचोळा जागेवर असेपर्यंत पावसाचा मारा त्यावर झेलला जातो आणि पाणी जमिनीत मुरते. पावलांनी, टापांनी किंवा चाकांनी हे आवरण निघाले की उघडी पडलेली माती कोकणच्या मुसळधार पावसात वाहून जाते, मुळे उघडी पडतात आणि उभी झाडे कोलमडतात. मोटारीसाठी रुंद रस्ता, वळणे आणि वाहनतळ करावे लागतात. त्यांसाठी झाडे तोडावी लागतात आणि छताचे तुकडे होतात. त्यामुळे धुराइतकीच मोटारीला लागणारी जागाही वनाला घातक ठरते. माथेरानच्या प्रवेशावरील दस्तुरी नाक्यापुढे खासगी वाहनांना असलेली बंदी ही जागा वाचवते.

केंद्र शासनाने ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने माथेरान व परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवला. केवळ माथा राखून भागत नाही, कारण पायथ्याची व उतारांवरची झाडी गेली तर वरचे वन बेटासारखे एकाकी पडते. कर्जत-नेरळ पट्ट्यात नागरी वस्ती वाढत असल्याने या संरक्षणाचे मोल अधिक आहे.

वाहनबंदीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप मानवी प्रतिष्ठेचा आहे. मोटारी नाहीत म्हणून माणसाने माणसाला हातरिक्षातून ओढावे, हे समर्थनीय नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा व रिक्षाचालकांना ई-रिक्षांच्या आधारे पर्यायी रोजगार देण्याचा आदेश दिला, तो योग्यच आहे. त्याने बंदीचा पाया ढासळत नाही. मोजक्या, स्थानिकांच्या ताब्यातील आणि ठरलेल्या वाटेवरच्या ई-रिक्षा वृद्धांची, रुग्णांची व शाळकरी मुलांची सोय करतात. खासगी मोटारींना वाट मोकळी केली तर तीच सोय वाहनतळाच्या मागणीत बुडून जाईल. दुसरा आक्षेप पेव्हर ब्लॉकवर आहे : त्यांनी मातीच्या वाटांचे रूप बिघडते, घोड्यांचे पाय घसरतात. यात तथ्य आहे, म्हणून ते सरसकट अंथरू नयेत. परंतु वर्दळीच्या मुख्य वाटेची धूप थांबवायलाच हवी. न्यायालयानेही दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य मार्गावर त्यांना परवानगी दिली आणि व्यापारी रस्त्यापासून पॉइंटांपर्यंतच्या (देखावे पाहण्याच्या जागांपर्यंतच्या) आतील वाटांवर मनाई केली. एका वाटेवर भार घेऊन बाकीच्या वाटा मऊ ठेवणे, हे चांगल्या वनव्यवस्थापनाचे सूत्र आहे.

निर्बंधांमुळे पोट भरणे अवघड होते, असा तिसरा आक्षेप घेतला जातो. पण घोडेवाले, हमाल, दुकानदार आणि हॉटेलचालक यांची कमाई मुळात या रानाच्या सावलीवर उभी आहे. मोटारीने येऊन तासाभरात परतणाऱ्यापेक्षा पायी फिरणारा व मुक्काम करणारा पाहुणा गावात अधिक पैसे ठेवून जातो. म्हणून सुट्टीच्या दिवशीची प्रवेशमर्यादा, दस्तुरीपर्यंत पुरेशा सार्वजनिक गाड्या, नियमित रेल्वेफेऱ्या, कचरा खाली नेण्याची शिस्त आणि वाटांची आलटूनपालटून विश्रांती ही कामे स्थानिकांना निर्णयात व उत्पन्नात वाटा देऊनच करावी लागतील. दस्तुरीला गाडी सोडून चालत जाण्याचे कष्ट पर्यटकाने सोसले, तरच माथ्यावरचे रान माथ्यावर राहील.