पाद्र्याची वही आणि कोतवाल बुक

बुलडाणा जिल्ह्यात वंशावळीचा विषय निघाला की सिंदखेड राजाचे नाव पहिल्यांदा घेतले जाते. ते साहजिक आहे. लखुजी जाधवांचे घराणे देवगिरीच्या यादवांशी आपले नाते सांगत आले. जिजाऊंचा जन्म याच गावचा. १६२९ साली दौलताबादेत लखुजींची हत्या झाली, तेव्हा कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाचा नातू, हे लिहून ठेवणारे हात उपलब्ध होते. त्याच सिंदखेडच्या वेशीबाहेर जी माणसे राहत होती, ती कोणत्या बखरीत शोधायची? जमीन, वतन आणि तलवार ज्यांच्या हाती होती त्यांना पूर्वज लाभले. ज्यांच्या हाती झाडू आणि काठी होती त्यांना फक्त जात लाभली. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांकडे यजमानांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या नामावळी असतात असे कौतुकाने सांगतात. पण ज्यांना नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली सत्याग्रह करावा लागला, त्यांनी त्या चोपड्यांत आपला पणजोबा शोधायला जायचे कसे?

म्हणून आपल्याला एक वेगळा प्रश्न विचारावा लागतो. जिथे अगदी खालच्या माणसाचेही नाव लिहिले गेले, तिथे त्याच्या पदरात काय पडले? याचे उत्तर शोधायला मराठी मुलुखाच्या शेजारी गोव्यात जाणे भाग आहे, कारण आपल्या खेड्यांत जन्ममृत्यूच्या नोंदी सुरू होण्याच्या कितीतरी आधी तिथे त्या होत होत्या.

१५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक पॅरिशच्या धर्मगुरूने लग्नांची आणि बाप्तिस्म्यांची वही ठेवावी असे फर्मावले. पोर्तुगीजांनी गोवा १५१० साली घेतला होता. पुढे तिथल्या चर्चांतून बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वह्या भरू लागल्या. सरकारी दप्तरखाना १५९५ साली स्थापन झाला आणि इतिहासकार दियोगु द कौतु त्याचा पहिला रखवालदार झाला. आजचे पणजीचे पुराभिलेखागार त्याचाच वारसा चालवते. सक्तीची नागरी नोंदणी गोव्यात आली ती १९१४ साली. त्यामागच्या पिढ्या शोधणाऱ्याला चर्चच्या वहीशिवाय गत्यंतर नाही. तारीख, मुलाचे नाव, आईबाप, धर्मपिता, धर्ममाता आणि खाली पाद्र्याची सही, एवढा ऐवज एका नोंदीत मिळतो.

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. ज्याची सावलीही वर्ज्य होती, त्याला पाद्र्याने आपल्या वहीत जागा दिली. पण किंमत काय घेतली? त्याचे नाव घेतले. बाप्तिस्मा घेणाऱ्याला धर्मपित्याचे किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचे आडनाव मिळे. त्यामुळे एकाच गावात निरनिराळ्या जातींची माणसे फर्नांडिस झाली, आणि एकाच रक्ताचे दोघे एक परेरा व दुसरा डिसोझा होऊ शकला. आज कोणी आपल्या डिसोझा आडनावावरून लिस्बनमधला मूळपुरुष शोधू लागला, तर वही त्याला बहुधा गोव्यातल्याच एखाद्या वाड्यावर आणून सोडते. आफोंसु द आल्बुकेर्कने आपल्या शिपायांना स्थानिक स्त्रियांशी लग्ने करायला उत्तेजन दिले हे खरे. त्यांची संततीही होती. परंतु पोर्तुगीज आडनावांच्या मानाने पोर्तुगीज रक्ताची कुटुंबे फार थोडी. आडनाव हे लेखणी कोणाच्या हातात होती याची खूण आहे.

गुलामांच्या बाबतीत ही खूण अधिकच उघडी पडते. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांना बाप्तिस्मा दिला जाई आणि नोंदीत आईबापाच्या जागी धन्याचे नाव येई. पोर्तुगालने गुलामांच्या व्यापारावर १८३६ साली बंदी घातली. त्या माणसांच्या वंशजाने आज वही उघडली तर त्याला आपला पूर्वज सापडण्याऐवजी पूर्वजाचा मालक सापडेल.

आणि जात? ती बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन निघाली नाही. बामण, चारडो, सुदीर ही उतरंड ख्रिस्ती गोव्यात टिकली. चर्चमधल्या धर्मबंधूंच्या मंडळ्यासुद्धा जातवार राहिल्या. गावच्या जमिनीची मालकी कोमुनिदादकडे, म्हणजे गावकारांच्या संस्थेकडे. तिच्या उत्पन्नातला वाटा मिळे तो मूळ गावकारांच्या पुरुष वंशजांना. म्हणजे वह्या दोन झाल्या. आत्मे मोजणाऱ्या वहीत सगळे. उत्पन्न मोजणाऱ्या वहीत ठराविक. माझ्या मते धर्मांतराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पहिलीपेक्षा दुसरी वही आधी वाचावी.

वसईकडे गोष्ट थोडी वेगळी घडली. तिथे पोर्तुगीज अंमल १५३४ ते १७३९. चिमाजी अप्पांच्या मोहिमेनंतर राज्य गेले, तरी पोर्तुगीज आडनावे आणि मराठी बोली घेऊन लोक तिथेच राहिले. वाडवळ, कोळी, सामवेदी ही ओळख आडनावाखाली जिवंत राहिली.

आता या वह्यांना अचानक मोल का आले ते पाहू. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्याआधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालने नागरिकत्वाचा मार्ग खुला ठेवला. आजोबांचा जन्म सिद्ध केला की लिस्बनमध्ये नोंद होते, आणि पुढे युरोपात नोकरी करता येते. हजारो गोवेकरांनी हा मार्ग धरला. भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्याने त्यासाठी भारतीय नागरिकत्व सोडावे लागते हेही पत्करले. पूर्वजांचे प्रेम एका रात्रीत उत्पन्न झाले असे नाही. कागदाच्या पलीकडे भाकरी दिसली.

आपल्या बुलडाण्यातही कागदाच्या पलीकडे भाकरीच आहे. फक्त आपल्याला लिस्बनचे दार ठोठवायचे नसून जात पडताळणी समितीचे ठोठवायचे असते. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची पद्धत घालून दिली आणि राज्याचा कायदा २००१ साली अमलात आला. तेव्हापासून मेहकर, चिखली, लोणार, मलकापूरकडची पोरे तहसिलीच्या अभिलेख कक्षापुढे उभी राहतात आणि एकच गोष्ट मागतात: कोतवाल बुकाची नक्कल.

हे कोतवाल बुक म्हणजे आपली पाद्र्याची वही. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांकडे आला. पुढे गावोगाव जन्ममृत्यूची नोंद सुरू झाली. नोंद होई पाटलाच्या दप्तरी. आणि मृत्यूची वार्ता घेऊन उन्हापावसात धावणे हे काम कोणाचे? महाराचे. वऱ्हाडात कामदार महार आणि जागल्या हे गावचे पाय होते. साऱ्या गावाच्या मरणाची खबर ज्याने वाहिली त्याला त्या खबरीतले एक अक्षर वाचता येत नव्हते. स्वतःच्या पोराच्या जन्माची नोंद कशी झाली, हेही त्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

ती कशी होत असे? जन्माच्या नोंदीत पुष्कळदा मुलाचे नाव नसते. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, बापाचे एकेरी नाव, आणि जातीच्या रकान्यात ‘महार’. आडनाव नाही. आईचा पत्ता नाही. पाद्र्याने नाव पुसून आडनाव दिले. पाटलाच्या दप्तराने आडनाव न देता जात दिली. गंमत अशी की ज्या रकान्याने आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले, त्याच रकान्याची सही-शिक्क्याची प्रत आज नातवाला महाविद्यालयाच्या दारातून आत नेते. हा अपमान जपून ठेवण्याची सक्ती आपल्यावर झाली आहे.

त्यात १९५६ आले. १४ ऑक्टोबरला नागपुरात ज्यांनी धम्म स्वीकारला त्यांनी शाळेत पोरांची जात ‘बौद्ध’ लिहवली. बापाच्या दाखल्यात महार, लेकाच्या दाखल्यात बौद्ध. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या त्या १९९० साली. स्वाभिमानाने लिहिलेला शब्द कारकुनाच्या टेबलावर ‘विसंगती’ ठरतो, आणि सिद्ध करण्याचे ओझे पुन्हा पोरावरच.

इथे एक तुलना टाळता येत नाही. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, मोडी वाचणारे बसवले, जुनी दप्तरे उघडली. नोंदी शोधल्या याबद्दल तक्रार नाही. दप्तरे सर्वांचीच आहेत. पण मग हीच यंत्रणा महार, मांग, चांभार वस्त्यांच्या नोंदींसाठी का हलत नाही? आपला पोरगा मात्र एकटाच रजा टाकून, एस. टी.चे तिकीट काढून, ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकून परत येतो.

कार्यकर्त्यांनी हे काम स्वतः अंगावर घ्यायला हवे. एका गावाचे बुक मिळाले की आपल्याच कुटुंबाची ओळ उतरवून थांबू नये. वस्तीतली प्रत्येक नोंद उतरवावी, कारण शेजारच्या घराला पुढच्या वर्षी तीच लागेल. मृत्यूच्या नोंदी आधी पाहाव्यात. १८९९-१९०० चा दुष्काळ आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ या वर्षांची पाने तर सोडूच नयेत. आपल्या कित्येक पूर्वजांचा जन्म कागदावर नाही, मरण मात्र आहे. म्हाताऱ्या बायांना घेऊन बसावे, कारण आजीच्या तोंडून ‘कोंड्या म्हणजे आपला थोरला’ हे कळले नाही तर वहीतला कोंडू वल्द सखा कोणाचाच होत नाही. आणि आईचे नाव, ज्याला तिथे रकानाच नव्हता, ते आपल्या वहीत शेजारी लिहावे.