मोज्याचा रंग आणि कवंदीचा रंग

लोकरीचे पायमोजे विणायला घेणाऱ्या बाईला पहिला निर्णय घ्यावा लागतो तो रंगाचा. सुया कोणत्या नंबरच्या घ्यायच्या, टाके किती घालायचे, हे पायाचे माप ठरवते. रंग मात्र आपल्या मर्जीचा, असे आपण धरून चालतो. इतिहासात डोकावले तर ही मर्जी फार उशिरा आणि फार थोड्यांच्या वाट्याला आलेली दिसते. अंगावरच्या किंवा हातातल्या कापडाचा रंग कधी रंगाऱ्याच्या पिंपाने ठरवला, कधी सरकारी हुकमाने, तर बहुतेक वेळा रूढीने. मग माणसाने रंग स्वतः निवडला तो कोठे? या प्रश्नाचा माग काढताना मोज्यापासून निघून शेवटी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात, गणेशगुडीच्या भोवतालच्या अरण्यात येऊन थांबावे लागते. तिथल्या वाड्यांत लोकरीचे मोजे नाहीत. चिंध्यांच्या गोधड्या आहेत. तरीही प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे, असे मला वाटते.

आरंभ मोज्यापासूनच करू. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये लहान मुलाच्या डाव्या पायाचा एक लोकरी मोजा आहे. रोमन सम्राट हेड्रियनने इसवी सन १३० मध्ये इजिप्तमध्ये वसवलेल्या अँटिनोपोलिस या नगराच्या उकिरड्यात तो १९१३-१४ च्या उत्खननात सापडला. काळ साधारण इसवी सन ३०० चा. अंगठ्याला वेगळा कप्पा, बाकीच्या चार बोटांना वेगळा, म्हणजे चपलेचा पट्टा मध्ये बसावा अशी सोय. तो दोन सुयांवर विणलेला नाही. एकाच सुईने फासे गुंतवत नेण्याच्या त्याहून जुन्या पद्धतीने केलेला आहे. २०१८ मध्ये संग्रहालयाच्या शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या प्रकाशात छायाचित्रे घेऊन त्याचे रंग तपासले. पट्ट्यापट्ट्यांच्या या मोज्यात रंग सहा-सात दिसतात, पण रंगद्रव्ये तीनच: मंजिष्ठेच्या कुळातले लाल, नीळ देणाऱ्या वनस्पतीचे निळे आणि एका रोपाचे पिवळे. हिरवा, जांभळा, नारिंगी हे सारे या तिघांच्या मिसळणीतून काढलेले. पोराच्या मोज्यासाठी कुणीतरी तीन पिंपांतून हा रंगांचा गोतावळा उभा केला, आणि तो मोजा शेवटी उकिरड्यावर गेला. ज्याच्यापाशी थोडे आहे त्यानेच रंगांचा विचार अधिक केला असावा, ही शंका येथून मनात येते.

सुयांवर विणलेल्या मोज्यांचे सर्वांत जुने नमुनेही इजिप्तचेच. ते सुती आहेत, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतले, आणि बहुतेक निळे-पांढरे. निळे-पांढरे का? सुताला पक्का बसणारा निळीसारखा दुसरा रंग सहज मिळत नव्हता, आणि पांढरा तर न रंगवलेल्या सुताचाच. आज आपल्याला जी आवड वाटते ती पुष्कळदा पिंपाची अडचण असते.

आपल्याकडे सुयांवरचे विणकाम आले ते युरोपीयांबरोबर. मिशनच्या मुलींच्या शाळांत शिवण, भरतकाम आणि विणकाम शिकवले जाई. पुढे आपल्या स्त्रीशिक्षणाच्या संस्थांनीही हस्तकला हा विषय उचलला. बूट-पायमोजे हे सुधारकाचे, म्हणजे टिंगलीचे, चिन्ह असण्याचा तो काळ. विसाव्या शतकात मात्र बाळाची टोपडी, कुंची, स्वेटर आणि इवलेसे मोजे यांनी लोकर मराठी घरात मुरली. कानपूरची लाल इमली, पंजाबातली धारीवाल, पुढे लुधियानाच्या गिरण्या यांची लोकर दुकानांत येऊ लागली, आणि तिच्याबरोबर रंगांच्या नमुन्यांचे पत्रकही आले. आखूड धाग्यांचे झुबके ओळीने चिकटवलेले, प्रत्येकाखाली आकडा. निवड एकाएकी अमर्याद झाली.

त्यामागे रसायनशास्त्र होते. १८५६ मध्ये विल्यम पर्किनला दगडी कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग मिळाला. १८६८ मध्ये मंजिष्ठेच्या कुळातले लाल द्रव्य प्रयोगशाळेत सिद्ध झाले आणि १८९७ पासून जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली. त्या तीस-चाळीस वर्षांत मध्य भारतातली आलेची लागवड आणि बिहार-बंगालची नीळ दोन्ही ढासळली. आलेच्या मुळांतून लाल काढणारे रंगारी, निळीचे पिंप राखणारे निळारी यांचे पिढीजात ज्ञान पुडीत मावणाऱ्या भुकटीने निकामी केले. रंग स्वस्त झाले, भडक झाले आणि सर्वांना मिळाले. मात्र रंगाची किल्ली गावातून गेली.

आणि मर्जी? तिच्यावर दुसरी बंधने होतीच. १९१४ च्या महायुद्धात इंग्लंडच्या राणी मेरीने सैनिकांसाठी तीन लाख पायमोज्यांचे जोड मागितले तेव्हा बायकांच्या हातात आली ती करडी आणि खाकी लोकर. १९६२ च्या हिवाळ्यात, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले तेव्हा, मराठी घरांतूनही जवानांसाठी स्वेटर-मोजे विणले गेले. तेव्हाही फुलाफुलांचे नमुने बाजूला ठेवून फौजेला चालतील असेच रंग सुयांवर चढले. त्या विणण्यात माया खरी होती, पण रंग हुकमाचा होता.

रूढीचा हुकूम याहून जुना आणि याहून कडक. हिरवी साडी डोहाळजेवणाची, काळी चंद्रकळा संक्रांतीची. तोच काळा एरवी मंगलप्रसंगी वर्ज्य. लाल रंगाची कथा तर अंगावर काटा आणणारी आहे. सवाष्णीच्या कुंकवाचा लाल हा सौभाग्याचा, आणि ब्राह्मण विधवेच्या अंगावरचे आलवण, तेही लालच. रंग एकच, एकीला तो मिरवायला दिलेला, दुसरीला शिक्षा म्हणून. म्हणजे रंगाला स्वतःचा अर्थ नसतो, तो नेसणाऱ्या बाईच्या पदरात समाज बांधतो. पांढरे कापड जिच्या वाट्याला आले तिने ते निवडले नव्हते, आणि जिला जरीकाठ मिळाला तिनेही बहुतेक वेळा निवडला नव्हता.

आता एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. मोजा सर्वांत आधी फाटतो तो टाचेला आणि चवड्याला. म्हणून जाणत्या विणकरणी टाच वेगळ्या रंगाच्या उरलेल्या लोकरीने विणत. झिजली की तेवढीच उसवायची आणि पुन्हा घालायची. आपल्याकडेही आखूड झालेला स्वेटर उसवून, लोकर धुऊन, पुन्हा गुंडाळून त्यातून धाकट्याचे मोजे होत. एका स्वेटरची लोकर पुरत नसे, मग दुसऱ्याची जोड, म्हणून पट्टे. येथे बाई प्रथमच खऱ्या अर्थाने रंग निवडते. दुकानातल्या पत्रकासमोर ती गिऱ्हाईक असते. उसवलेल्या चार गुंड्यांसमोर ती कर्ती असते. वडिलांचा राखाडी, ताईचा गुलाबी आणि उरलेला पोपटी यांचे एकमेकांशी कसे जमवायचे, हे कोणी तिला सांगत नाही. फाटल्यावर, उसवल्यावर रंग मोकळा होतो.

हाच न्याय पूर्णत्वास गेलेला पाहायचा तर जोयड्याकडे यावे. काळी नदीवरचे, १०१ मीटर उंचीचे आणि १९८७ मध्ये पूर्ण झालेले सुपे धरण गणेशगुडीला आहे. ज्या गावावरून तालुक्याला पूर्वी सुपे म्हणत ते जुने गाव याच जलाशयात गेले. धरणामुळे गणेशगुडीस वीज महामंडळाची वसाहत आली, आणि आता नदीतल्या नौकाविहारासाठी पर्यटक येतात. भोवताली सह्याद्रीचे दाट रान आणि त्यात विखुरलेल्या कुणबी, गवळी, सिद्दी अशा समाजांच्या वाड्या. जोयड्यापेक्षा शेजारच्या हल्याळ आणि यल्लापूर तालुक्यांत सिद्दींची वस्ती अधिक.

मराठी वाचकाला सिद्दी म्हटले की जंजिरा आठवतो, फार तर निजामशाहीचा मलिक अंबर किंवा आदिलशाहीचा इखलासखान आठवतो. या रानातले सिद्दी त्याच आफ्रिकी रक्ताचे, पण त्यांची वाट निराळी. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले गुलाम पळून किंवा सुटून घाटावरच्या अरण्यात शिरले. त्यांचे हे वंशज. काहींचे मूळ विजापूरच्या दरबाराशी जोडले जाते. पोर्तुगीज साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपवण्याचा हुकूम निघाला तो १८६९ मध्ये. या लोकांत हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती तिन्ही आहेत. घरची बोली कानडी-मराठीचे मिश्रण असलेली कोकणी. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतावर राबणे हेच बहुतेकांचे जिणे. अनुसूचित जमातींच्या यादीत त्यांचा समावेश झाला तो २००३ मध्ये.

या समाजातल्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंद किंवा कवंदी म्हणतात. आपल्या वाकळीची, उत्तर कर्नाटकातल्या कौदीची ती बहीण. पण शिवण्याची रीत तिची स्वतःची. खाली जुने लुगडे किंवा साडी अंथरायची. वर तुकडे लावायचे ते मधून नव्हे, कडेपासून. कोपऱ्यातून सुरुवात करून, तुकड्याची कड आत दुमडत, धावदोरा घालत चहूबाजूंनी फिरत आत यायचे. आधी नकाशा काढलेला नसतो. पुढचा तुकडा कोणता हे मागचा तुकडा ठरवतो, आणि त्यात मत असते ते शिवणारीचे. मधोमध पोचेपर्यंत गोधडीचे रूप तिलाही पूर्ण ठाऊक नसते. अखेरीस चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फूल म्हणतात. ऊब देण्याशी फुलाचा काही संबंध नाही, तरी त्यावाचून कवंदी पुरी होत नाही. ख्रिस्ती घरच्या कवंदीत क्रूस दिसतो, मुसलमान घरच्या कवंदीत चंद्रकोर. पाळण्यातल्या बाळाच्या कवंदीवर रंगीत बारीक ठिकऱ्यांची तर रेलचेल असते.

हे तुकडे येतात कोठून? घरच्याच झिजलेल्या कपड्यांतून. साडी, सदरा, लुंगी, परकर. ज्या कपड्यांना अंगावर असताना नियम होते, कोणी कोणता रंग केव्हा नेसायचा याची बंधने होती, ते येथे एका रांगेत येतात. विधवेच्या पांढऱ्याशेजारी नवरीचा लाल, त्याच्या कुशीत पोराच्या शाळेच्या गणवेषाचा निळा बसला तरी कोणाला खटकत नाही. कापड झिजले, त्याचा मान गेला आणि त्याबरोबर त्याच्यावरचा पहाराही उठला. उरला तो निव्वळ रंग, आणि त्याच्यासमोर एक बाई. जिला जमीन निवडता आली नाही, मजुरी ठरवता आली नाही, तिच्या हातून होणारी ही निवड लहान म्हणता येत नाही. अँटिनोपोलिसच्या त्या मोज्याचा कर्ता आणि ही बाई यांच्यात सतरा शतकांचे अंतर आहे. पण थोडक्यातून पुष्कळ उभे करण्याचा बाणा एकच.

येथवर सारे रम्य आहे. पुढचे तेवढे सरळ नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातले कलेतिहासाचे अभ्यासक हेन्री ड्रूअल यांनी या गोधड्यांचा अभ्यास केला, आणि २००४ मध्ये त्यांच्या मदतीने सिद्दी स्त्रियांची गोधड्यांची सहकारी संस्था उभी राहिली. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्रात कवंदींचे प्रदर्शन भरले. आज अमेरिकेत हौसेने गोधड्या शिवणाऱ्यांत कवंदी हा शब्द रूढ आहे आणि कडेपासून आत येण्याची ही रीत तिथे वर्गांतून शिकवली जाते. या गौरवाने घरात पैसा आला, नाव झाले, हे चांगलेच झाले. परंतु विकायची कवंदी ही घरची कवंदी नव्हे. तिच्याखाली कोण निजणार हे शिवणारीला ठाऊक नसते. घरच्या झिजलेल्या कपड्यांतून दर महिन्याला विक्रीचा माल निघत नाही, म्हणजे कापड विकत आणावे लागणार. ते कोणत्या रंगाचे, हे विचारणारा गिऱ्हाईक दूर शहरात असणार, आणि त्याच्या दिवाणखान्याच्या भिंतीला शोभेल असा फिका रंग त्याने मागितला तर ती नाही म्हणेल कशी? रंगांचे नमुना-पत्रक मागच्या दाराने रानात येते ते असे.

म्हणून विक्री थांबवा, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. उबदार घरात बसून दुसऱ्याने गरीब राहून कला जपावी अशी अपेक्षा करणे हाही एक हुकूमच होय. पण कवंदी विकत घेणाऱ्याने एवढे करता येते: रंग सांगू नये. माप सांगावे, किंमत द्यावी आणि रंग तिच्यावर सोडावा. आपण पैसे मोजतो ते कापडाचे आणि टाक्यांचे, असे आपल्याला वाटते. खरे मोल आहे ते हातातल्या तुकड्याशेजारी पुढचा कोणता, या दर टाक्यागणिक घेतलेल्या निर्णयाचे. आणि तो निर्णय तिच्याकडून काढून घेतला तर हाती उरते ते नुसते पांघरूण.